डावखुरं पिस्तूल

माझ्या मालकीचं एक पिस्तूल आहे. सेमी-ऑटोमॅटिक, स्वित्झर्लंडचं, अक्रोडाच्या लाकडाची मूठ असलेलं. हे वाक्य अबुधाबीतल्या कुठल्याही मराठी घरात उच्चारलं की पहिला प्रश्न येतो, "कितीला पडलं?" दुसरा, "म्हणजे रुपयांत किती?" आणि तिसरा, "पण कशाला?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी देतो. तिसऱ्याच्या वेळी मी चहाचं विचारतो.

कारण मी काही पिस्तूल घेणाऱ्यांतला माणूस नव्हे. एका काँट्रॅक्टिंग कंपनीत मी स्टोअर्स सांभाळतो. नट, बोल्ट, व्हॉल्व्ह, गॅस्केट. घरात झुरळ निघालं तर विद्युल्लता, म्हणजे माझी बायको, चप्पल घेऊन पुढे होते आणि मी मागून दिशा सांगतो. कोकणात आमच्या केळशीकरांच्या घरात शस्त्र म्हणून जे काही होतं ते म्हणजे नारळ सोलायचा कोयता, आणि तोही शेजाऱ्यांनी नेलेला.

दोष द्यायचाच तर कंपनीच्या स्टाफ डेला द्यावा लागेल. एरवी स्टाफ डे म्हणजे बिर्याणी, रस्सीखेच आणि मुदीरचं भाषण. नव्व्याण्णव साली आमच्या मुदीरला, म्हणजे मॅनेजरला, नेमबाजीचं वेड लागलं होतं, म्हणून सगळ्यांना गावाबाहेरच्या एका शूटिंग क्लबात नेलं. तिथलं भाड्याचं पिस्तूल माझ्या हातात ठेवलं, कानांवर वाट्या चढवल्या, आणि मी डोळे मिटून चाप ओढला. गोळी बरोबर मध्यभागी! दुसरी कुठे गेली ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही, पण पहिली मध्यभागी होती आणि मुदीर स्वतः "माशाल्ला" म्हणाला.

एवढ्यावर प्रकरण संपलं असतं. पण जेवताना मी ही हकीकत सांगितली आणि पर्णिकानं ताटातून मान वर केली. पर्णिका ही आमची एकुलती एक मुलगी, तेव्हा बारावीत. बारावी झाली की आर्किटेक्चरला पुण्याला जाणार हे ठरलेलं. आईशी ती तासन् तास बोले, पण माझ्याशी तिचं बोलणं म्हणजे "फाइन", "ओके" आणि "नथिंग". भांडण नव्हतं हो. बोलायला विषयच नव्हता. गॅस्केटबद्दल माणूस पोरीशी किती बोलणार? त्या दिवशी मात्र ती म्हणाली, "रिअली? यू?" मग म्हणाली, "वॉज इट हेवी?" आणि मग, "वेअर यू स्केअर्ड?" वर्षभरात विचारले नसतील एवढे प्रश्न एका आमटीभाताला! मला एकदम जाणवलं की येत्या जूनमध्ये ही जाणार आणि मी तिच्या आठवणीत 'घरातले एक गृहस्थ' म्हणून उरणार. मला आणखी प्रश्न हवे होते. त्यासाठी मी तोफसुद्धा घेतली असती.

तोफ घेणं बहुधा सोपं गेलं असतं. पिस्तुलाला आधी स्पॉन्सरचं, म्हणजे व्हिसा देणाऱ्या कंपनीचं, एनओसी लागतं. ते मिळायला पोलिसांचा होकार लागतो. पोलीस म्हणतात, आधी क्लबची मेंबरशिप दाखवा. क्लब म्हणतो, आधी डोळे तपासून आणा. डोळेवाल्यानं विचारलं, "ड्रायव्हिंग लायसन्ससाठी?" मी म्हटलं, "पिस्तुलासाठी." त्यानं माझ्या चष्म्याच्या काचेवर बोटानं टकटक केली आणि हसत हसत सही दिली. पोलीस ठाण्यातल्या तरुण अधिकाऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अतिशय कळवळ्यानं विचारलं, "व्हाय नॉट क्रिकेट?"

दुकान हनीफचं. ससाण्यांच्या टोप्या, शिकारीचे चाकू, दुर्बिणी आणि आत काचेच्या कपाटात पिस्तुलं. हनीफ कोझिकोडचा. त्यानं सांगितलं, "साब, पेपर पूरा होने तक हाथ में नहीं दे सकता. कानून है. बाहर से देखो." मी बाहेरून पाहिलं. तिथं एक स्विस पीस होता, बाकीच्यांच्या निम्म्या किमतीत. मी विचारलं, "ये सस्ता क्यों?" हनीफ म्हणाला, "साब का नसीब."

इथं माझा अनुभव मला नडला. वीस वर्षं मी माल तपासून घेतोय. मी काचेला नाक लावून ओरखडे पाहिले, गॅरंटी कार्डावरचा शिक्का पाहिला, नंबर जुळवला, साफसफाईचा ब्रश फुकट मिळवला आणि वर एक दुर्बिणीचं पाकीट मागून घेतलं, जरी आमच्याकडे दुर्बीण नाही. अर्ध्या किमतीचं ऐकल्यावर विद्युल्लतासुद्धा विरघळली. आपल्या लोकांना वस्तू लागते की नाही हा प्रश्न दुय्यम. सवलत गेली तर हळहळ जन्मभर पुरते.

कागद पुरे झाले, पिस्तूल क्लबात गेलं आणि तिथंच राहिलं. घरी न्यायची परवानगी नाही. क्लबच्या शस्त्रागाराचा रखवालदार हमदुल्ला. पेशावरचा पठाण, नियमाला पक्का. तो म्हणाला, "साब, मालिक तुम है, चाबी हमारे पास है." म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी, जायचं, सही करायची, हमदुल्ला आपलं पिस्तूल आणून देणार, आणि तासाभरानं परत घेणार. बोर्डिंगात ठेवलेल्या मुलाला भेटायला जावं तशी आमची भेट ठरली.

पहिल्याच भेटीत ते मला चावलं. मुठीचं लाकूड बोटांच्या आकारात कोरलेलं असतं, पण माझा अंगठा जिथं जायला हवा तिथं टेकाड आणि तळवा टेकायला हवा तिथं खड्डा. मी मनाशी म्हटलं, नव्या वहाणासुद्धा चावतात. भारी वस्तू अंगवळणी पडायला वेळ घेते. महिनाभर मी हाताला फोड आणले, चिकटपट्ट्या लावल्या, आणि "कसं आहे?" म्हणून विचारणाऱ्यांना "ग्रिप जरा रुबाबदार आहे" असं सांगितलं. शेवटी शेजारच्या लेनमधल्या फिलिपिनो बाईला राहवलं नाही. ती म्हणाली, "सर, दॅट वन इज फॉर लेफ्ट हँड."

मी तसाच हनीफकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, "हां साब, लेफ्ट है. इसीलिए तो आधा." मी विचारलं, "बोला क्यों नहीं?" तो म्हणाला, "साब ने पूछा नहीं. हम समझा साब लेफ्ट है." बदलून मिळेना, कारण पोलिसांच्या कागदावर त्या पिस्तुलाचा नंबर होता. दुसऱ्या पिस्तुलाला दुसरा नंबर, दुसऱ्या नंबराला सगळे कागद पुन्हा. निदान उजव्या हाताची मूठ तरी मागव म्हटलं. "इन्शाल्ला," हनीफ म्हणाला, आणि पुष्कळ इन्शाल्लांनंतर मूठ आली. पेटी उघडली तर पुन्हा डावी. कारखान्यानं पिस्तुलाचा नंबर पाहिला आणि त्या नंबराला शोभेल तीच मूठ इमानदारीनं पाठवली. आता माझ्याकडे एक डावं पिस्तूल आणि एक जादा डावी मूठ झाली.

खालच्या मजल्यावरचे सोमनाथराव म्हणाले, "मग अडलंय कुठं? हात बदला!" सोमनाथराव सिव्हिल इंजिनियर. ज्यात त्यांना काही कळत नाही असा विषय अजून निघायचाय. "केळशीकर, सगळी कामं डाव्या हातानं करायला लागा. ब्रेन री-ट्रेन होतो. मी वाचलंय." आणि दंडात बळ यावं म्हणून रोज संध्याकाळी हात सरळ धरून वजन पेलायचं. आधीच पर्णिकानं एकदा विचारलं होतं, "सो व्हेन कॅन वी सी यू शूट?" आणि दसऱ्यानंतर कंपन्या-कंपन्यांची स्पर्धा होती. मुदीरनं माझं नाव देऊन टाकलं होतं. मी हात बदलला.

डाव्या हातानं दात घासणं जमतं. दाढी जमत नाही. डाव्या हातानं जेवायला विद्युल्लतानं साफ मनाई केली. "उद्या सोवळ्यात बसून नैवेद्यही डाव्या हातानं दाखवाल!" ती म्हणाली. ते मी केलं नाही, पण सोमनाथरावांच्या गणपतीत आरतीनंतर प्रसाद वाटायला मला उभं केलं आणि सवयीनं माझा डावा हात पुढे झाला. प्रमिलावहिनींनी, म्हणजे सोमनाथरावांच्या पत्नीनं, पुढे केलेली ओंजळ झटकन मागे घेतली. ज्यांनी सल्ला दिला ते सोमनाथराव झांजा पुसत होते. ऑफिसात त्याहून वाईट झालं. मुदीरचे वृद्ध वडील आले होते, त्यांना मी अदबीनं उभा राहून गावा दिला. छोटासा अरबी कॉफीचा कप, आणि डाव्या हातानं. म्हातारा कपाकडे बघत राहिला. इथं डाव्या हातानं पाणीसुद्धा कुणी देत नाही. मुदीरनं मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "जगन्नाथ, यू हॅव प्रॉब्लेम विथ माय फॅमिली?" कोकणापासून अरबस्तानापर्यंत सगळ्या संस्कृतींचं ज्या एका गोष्टीवर एकमत आहे तिच्या विरोधात मी एकटा उभा होतो.

वजनाचं म्हणाल तर, मी बाल्कनीत उभा राहून डाव्या हातात इस्त्री धरायचो. हात सरळ, एक डोळा बंद, श्वास रोखलेला. एक दिवस बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन, वर आला. "साब, सामनेवाली बिल्डिंग से कम्प्लेंट है. मॅडम बोलती है, एक आदमी रोज शाम को एक आँख बंद करके उसको इस्त्री दिखाता है." पर्णिका दारातच उभी होती. "ओ माय गॉड, बाबा," एवढंच म्हणाली आणि खोलीत गेली. हा प्रश्न नव्हता.

आता सगळी भिस्त स्पर्धेवर. ती आणि तिची आई बघायला येणार होत्या. एकदा, फक्त एकदा, पोरीनं मला काहीतरी नीट करताना पाहावं एवढीच माझी मागणी होती. आणि मध्ये आली खंडेनवमी.

आमच्याकडे दरवर्षी शस्त्रपूजा होते ती स्क्रूड्रायव्हरची, शिलाई मशीनची आणि मिक्सरची. या वर्षी विद्युल्लतानं पदर खोचला. "घरात खरं शस्त्र असताना मिक्सरला कुंकू लावू? लोक काय म्हणतील?" पिस्तूल पूजेला येऊ शकत नाही म्हटल्यावर पूजा पिस्तुलाकडे निघाली. तबक, निरांजन, हळद-कुंकू, अक्षता, दुबईहून मागवलेला झेंडू आणि वाटीभर खीर.

हमदुल्लानं तबकाकडे पाहिलं. "बीबी, आग नहीं. अंदर बारूद है." निरांजन विझवलं. "हथियार खाली रहेगा और खुला रहेगा. रूल है." नियमच तसा: पिस्तूल टेबलावर ठेवायचं तर वरचा सरकता भाग मागे ओढून उघडाच ठेवायचा, म्हणजे आत गोळी नाही हे लांबून दिसतं. विद्युल्लतानं मुठीला हळद-कुंकू लावलं, नळीला झेंडू वाहिला, डोळे मिटले आणि मनापासून, मूठभरून, ओल्या कुंकवात भिजवलेल्या अक्षता वाहिल्या. मी त्या वेळी हमदुल्लाला खीर देत होतो. उजव्या हातानं, मुद्दाम आठवण ठेवून. खीर खाऊन तो खूश झाला. त्यानं वरवर फडकं मारलं, सरकता भाग खटकन बंद केला आणि पिस्तूल कपाटात ठेवलं. सगळं कसं निर्विघ्न पार पडलं.

स्पर्धेच्या शुक्रवारी मुदीर पहिल्या रांगेत, त्याच्यामागे विद्युल्लता आणि पर्णिका. सोमनाथराव कॅमेरा घेऊन. हुकूम झाला, सगळ्यांची पिस्तुलं कडाडली आणि माझा चाप जागचा हलला नाही. दगडासारखा. मी दोन्ही हातांनी ओढला. पंच आला, त्यानं पिस्तूल घेतलं, उघडलं, उलटं केलं आणि टेबलावर ठोकलं. लाल लाल तांदूळ पडले. त्यानं आणखी ठोकलं. आणखी पडले. तो बिचारा इजिप्शियन, त्यानं एक दाणा बोटांत धरून विचारलं, "व्हॉट इज धिस? बिर्याणी?"

हसू कसं पसरतं ते मी त्या दिवशी पाहिलं. आधी पंच, मग मुदीर, मग ज्यांना काय झालं ते कळलंच नव्हतं तेसुद्धा. विद्युल्लतानं तोंडाला पदर लावला होता. आणि नियम किती दयाळू असतात पाहा. पिस्तूल बिघडलं तर खेळाडूला पुन्हा संधी मिळते. बाकी सगळे थांबले आणि मी एकटा, साऱ्या सभागृहाच्या देखत, पाच गोळ्या झाडायला उभा राहिलो. चार भिंतीत गेल्या. पाचवी दहाच्या वर्तुळात, अगदी मधोमध, पण शेजारच्याच्या टार्गेटवर. ती कुणाच्याच खात्यात धरली गेली नाही.

मी वळून पाहिलं. पर्णिका खाली जमिनीकडे बघत होती. मला खरोखर रडू येत होतं, आणि चष्मा असल्यामुळे ते पुसताही येईना.

त्यानंतर मी ते विकायला काढलं. पण डावखुरा, क्लबचा मेंबर, सगळे कागद असलेला माणूस आणायचा कुठून? दुबईत अल कुसैसला सोमनाथरावांचा भाचा दर्शन राहतो, तो डावखुरा म्हणून आम्ही तिथवर गेलो. "मामा, मी फक्त बोलिंग लेफ्ट टाकतो," तो म्हणाला. क्लबच्या फळ्यावर मी कागद लावला. हमदुल्ला दर शुक्रवारी विचारायचा, "साब, बिका?" आणि दर वर्षाची लॉकरची फी भरा म्हणून आठवण करून द्यायचा.

जूनमध्ये पर्णिका गेली. एअरपोर्टवर आईच्या गळ्यात पडून खूप रडली. मला म्हणाली, "बाय बाबा. टेक केअर." मीही म्हणालो, "टेक केअर."

रविवारी तिचा हॉस्टेलबाहेरच्या बूथवरून फोन येई. पहिल्या रविवारी आईशी बोलणं झालं आणि रिसीव्हर माझ्याकडे आला. मी विचारलं, "जेवण कसं आहे?" ती म्हणाली, "फाइन." मग दोन्हीकडे नुसती खरखर. मी रिसीव्हर परत देणार, एवढ्यात ती म्हणाली, "बाबा, हाउ इज द पिस्तूल?"

मला वाटलं, थट्टा करतेय. पण तिनं म्हणे सगळ्या हॉस्टेलला ती गोष्ट सांगितली होती. अक्षता, बिर्याणी, इस्त्री, सगळं. "दे डोंट बिलीव्ह मी. माय रूममेट्स वाँट अपडेट्स. डिड यू हिट एनीथिंग धिस वीक?" मी म्हटलं, मी जातच नाही हल्ली. ती म्हणाली, "नो, नो, यू हॅव टू गो!" तेव्हापासून मी दर शुक्रवारी जातो. नेम अजून धड लागत नाही, पण काहीतरी होतंच. एकदा रिकामं काडतूस उडून कॉलरमधून पाठीत शिरलं आणि मी भर क्लबात नाचलो. त्या रविवारी तिचं फोनचं कार्ड संपेपर्यंत आम्ही बोललो.

आणि मग गेल्या महिन्यात गिऱ्हाईक आलं. कंपनीत नवा आलेला लेबनीज इंजिनियर, जन्मजात डावखुरा, कागदपत्रं तयार. हमदुल्लानं पिस्तूल आणून दिलं आणि मूठ त्याच्या हातात अशी बसली की बघणाऱ्याला बरं वाटावं. जादा मूठही हवी म्हणाला. मी घातलेला सगळा पैसा रोख द्यायला तयार. विद्युल्लता बरोबर होती, ती मला कोपरानं ढोसत होती.

मी म्हणालो, "सॉरी हबीबी. नॉट फॉर सेल."

"साब, दिमाग ठीक है?" हमदुल्ला ओरडला. इंजिनियर मान हलवत गेला. गाडीत बसल्यावर विद्युल्लतानं सगळा राग काढला. एवढी शोभा झाली, एवढी फी भरतोय, सोन्यासारखं गिऱ्हाईक दारात आलं आणि तुम्ही हाकलून दिलंत, शेवटी तुमचं म्हणणं तरी काय आहे? मी चावी लावली, पण गाडी चालू करवेना.

"अगं, विकलं तर," मी म्हणालो, "रविवारी मी तिच्याशी काय बोलू?"